जूनमध्ये फोन उचलणारा माणूस

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय "युवकांना शालेय जीवनापासून करिअरपर्यंत दीर्घकालीन मार्गदर्शन". मीच वाचून दचकले, म्हटलं एवढं सगळं तासाभरात कुठं बसवू. तर सरळ मुद्द्यावर येते. आपल्याकडे मार्गदर्शन कमी पडतंय असं मला बिलकुल वाटत नाही. दहावीचा निकाल लागू द्या, अख्खी भावकी मार्गदर्शनाला येते, काकाचा साडू सांगतो कॉम्प्युटरला घाला, शेजारचे म्हणतात डीएड करा, हल्ली कोण विचारतं डीएडला पण ते सांगतातच. कमी काय पडतं तर असा एक माणूस जो पोराला नववीत भेटला आणि पोरगं नोकरीला लागलं तरी त्याचा फोन उचलतोय. एवढंच बोलायचंय मला आज.

मी हायस्कूलला शिकवायचे, रिटायर झाले. आमचा तालुक्यातला एक ग्रुप आहे, नोंदणी वगैरे काही नाही, पुण्या-मुंबईला नोकरी करणारी इथलीच माणसं आणि इथली नववीतली पोरं यांच्या जोड्या लावतो. पोरं त्यांना ताई नाहीतर दादा म्हणतात.

शाळेत असेपर्यंत पोराकडे कोणीतरी बघत असतं हो. गैरहजर राहिलं तर वर्गशिक्षक घरी निरोप धाडतात, फॉर्मची तारीख आली की आम्ही फळ्यावर लिहितो. पोरं गळतात कुठं तर मधल्या फटीत. दहावी झाली, शाळेने दाखला दिला, शाळा मोकळी. कॉलेजला अजून पोराचं नाव माहीत नाही. बारावीनंतर परत तेच, आणि डिग्री संपली की परत. प्रत्येक वेळी दोन-तीन महिने असे जातात की त्या पोराची जबाबदारी कागदावर कोणाचीच नसते आणि नेमके सगळे निर्णय त्याच महिन्यांत घ्यायचे असतात!

एनएमएमएस, म्हणजे गरीब घरच्या हुशार पोरांच्या स्कॉलरशिपचंच घ्या. 2008 पासून केंद्राची ही स्कॉलरशिप आहे, सरकारी, झेडपी, अनुदानित शाळांतल्या पोरांसाठी, आठवीत परीक्षा, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे, निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12000 रुपये थेट खात्यावर. शेतमजुराच्या घरात 12000 म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पण ती आपोआप चालू राहत नाही, दरवर्षी पोर्टलवर रिन्यू करायची, कॉलेजने पडताळणी करायची, आणि अकरावीत चालू राहायला दहावीला 60 टक्के लागतात, एससी-एसटीला 5 टक्क्यांची सूट. नववी-दहावीत हे काम शाळेतले सर करतात. अकरावीला पोरगं नव्या कॉलेजात जातं, ऑफिसच्या खिडकीतून क्लार्क म्हणतो "नंतर ये", आणि हे लाजरं पोर नंतर जातच नाही. हुशार म्हणून निवडलेलं पोरगं आणि दोन वर्षांचे पैसे गेले कशाने, तर खिडकीवर परत कोणी पाठवलं नाही म्हणून. अशा वेळी दादाने फक्त फोन करून विचारायचं, रिन्यूचा फॉर्म भरलास का, आणि भरला नसेल तर भरेपर्यंत दर दोन दिवसांनी तेच विचारायचं. प्रेरणा नको, पिच्छा हवा.

बारावीनंतर तर विचारू नका. सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा झाली, पर्सेंटाइल आले, आता कॅप राऊंड, म्हणजे सरकारी ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्या. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, ओबीसी असेल तर नॉन क्रिमीलेयर, ते पण पुढच्या 31 मार्चपर्यंत वैध असलेलं, जात पडताळणी. ही पडताळणी बारावी सायन्सला असतानाच टाकायची असते, पण वडिलांचा-आजोबांचा शाळेचा दाखला शोधता शोधता घरच्यांचं वर्ष जातं, मग जूनमध्ये सेतूच्या दारात ही रांग. आणि ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीच्या क्रमाने कॉलेजांची यादी! पहिल्या राऊंडला पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं की सीट आपोआप फ्रीझ म्हणजे पक्की होते, पुढच्या राऊंडला जाता येत नाही. हे माहीत नसलेली पोरं मित्राने टाकलं म्हणून कुठलंतरी कॉलेज वर टाकतात. टीएफडब्ल्यूएस म्हणजे ट्यूशन फी माफ असलेल्या सीटा, त्यांचा चॉईस कोडच वेगळा असतो, तो यादीत टाकलाच नाही तर ती सीट तुम्हाला देणार कोण. मुलींसाठी 2024 पासून राज्य सरकारने, ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिक दुर्बल, एसईबीसी म्हणजे मराठा आरक्षणातल्या, आणि ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत, कॅपमधून व्यावसायिक कोर्सला गेल्या तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केलंय. आमच्या तालुक्यात तरी हे माहीत नसलेले बाप मला अजून भेटतात, "मुलीला इंजिनिअरिंग परवडत नाही बाई" म्हणून बीएला घालणारे. बीए वाईट असं म्हणत नाहीये मी, मी स्वतः बीए. पण फी माहीत नसल्यामुळे बीए, हे कारण नको ना.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. अमेरिकेत बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज या दोघांनी अभ्यास केला की शाळा संपवून कॉलेजात जायचं नक्की झालेली पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर प्रत्यक्ष कॉलेजात पोचतात का. त्यांचा अंदाज, साधारण 10 ते 20 टक्के पोचतच नाहीत, गरीब घरांमधली जास्त. कारणं तीच, फॉर्म, फी, होस्टेल, विचारायचं कोणाला. आणि उपाय काय करून बघितले तर सुट्टीत समुपदेशकांनी फोन करणं, तारखांची आठवण करणारे मेसेज पाठवणं. पूर्ण प्रश्न सुटला नाही पण त्याने फरक पडला.

आता तुम्ही म्हणाल, मग वर्षानुवर्षं सोबत राहिलं की झालं, सगळं चांगलंच होणार. तर तसंही नाहीये आणि हे मला सगळ्या नव्या ताई-दादांना आधीच सांगायचं असतं म्हणून थोडं थांबून सांगते. 1939 मध्ये अमेरिकेत बोस्टनजवळ केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांमध्ये एक मोठा प्रयोग झाला. 506 मुलगे घेतले, सारख्या परिस्थितीतल्या जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला समुपदेशक दिला आणि दुसऱ्याला काहीच नाही. समुपदेशक घरी जायचा, अभ्यासात मदत, दवाखान्यात नेणं, खेळायला नेणं, उन्हाळी शिबिराला पाठवणं, सरासरी पाच-साडेपाच वर्षं हे चाललं. पुढे तीसेक वर्षांनी जोन मॅकॉर्ड या बाईंनी ती सगळी माणसं शोधून काढली, 1978 मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांना मदत मिळाली होती त्यातले बरेच जण म्हणाले आम्हाला फार उपयोग झाला. पण रेकॉर्ड तपासलं तर दारू, आजारपण, पुन्हा पुन्हा गुन्हे, लवकर मरण, कितीतरी बाबतीत मदत न मिळालेलेच बरे निघाले! मग पुढच्या विश्लेषणात दिसलं की नुकसान मुख्यतः एकापेक्षा जास्त वेळा उन्हाळी शिबिराला पाठवलेल्या मुलांमध्ये होतं. म्हणजे अडचणीतली पोरं एकत्र केली आणि ती एकमेकांचीच गुरू झाली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमचं दिवाळी सुट्टीतलं निवासी शिबिर डोळ्यासमोर आलं. आता आम्ही पोरं मिसळून घेतो आणि मोठी माणसं भरपूर ठेवतो.

यातून मी तरी दोन गोष्टी घेतल्या. पोरगं "लय भारी वाटतं दादाशी बोलून" म्हणतंय याला पुरावा मानायचं नाही, अॅडमिशन झाली का, सेमिस्टर सुटलं का, पैसे खात्यावर आले का ते बघायचं. आणि नुसतं भेटत राहणं हे काम नाहीये, काय करताय ते महत्त्वाचं.

तिसरी गोष्ट वेगळ्या अभ्यासातली आहे, ग्रॉसमन आणि रोड्स, 2002. तिकडे बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स म्हणून जुनी संस्था आहे, मुलांना मोठा मित्र देणारी, तिथल्या जोड्या त्यांनी बघितल्या. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांमधल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा, आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांमधल्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत उलट घसरलं. घरातून एक माणूस आधीच गेलेला असतो बऱ्याचदा, त्यात हा पण दोनदा फोन करून गायब. त्यामुळे उत्साहाच्या भरात फॉर्म भरणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते की परदेशी जाणार असाल, यूपीएससी करत असाल, नवं बाळ असेल, तर यंदा नको, पुढच्या वर्षी या. लोक रागावतात, रागावू देत.

आपल्याकडे ही परंपरा होतीच. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, कर्मवीरांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले हे तुम्हाला शाळेत शिकवलंच असेल. पुण्यात 1955 मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, खेड्यातून आलेल्या पोरांना राहायला जागा आणि जोडीला काम करून शिकायची सवय. या सगळ्यांचा मला दिसणारा समान धागा म्हणजे पोरगं राहतं कुठं, खातं काय, इथून सुरुवात. करिअर काउन्सेलिंग नंतर. हल्ली उलटं झालंय, अॅप्टिट्यूड टेस्टचे हजारो रुपये घेतात आणि पोरगं मेसचं बिल थकल्यामुळे गावी परत गेलंय याचा पत्ता नसतो.

कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरबद्दल मात्र बोलायलाच हवं. मराठी मिडियमचं, दहावीला नव्वद टक्के घेतलेलं पोरगं इंजिनिअरिंगला जातं, इंग्रजीतून लेक्चर, एम-वन म्हणजे गणिताचा पहिला पेपर डोक्यावरून, ग्राफिक्सच्या ड्रॉइंग शीट रिजेक्ट, आणि निकालात दोन-तीन विषय मागे. आयुष्यात पहिल्यांदा नापास. ते घरी सांगत नाही, आईला वाटतं पोरगं इंजिनिअर होतंय. आमच्या एका मुलीने दिवाळीनंतर ताईचे फोन घेणंच बंद केलं. ताई बँकेत नोकरीला, तिने सल्ल्याचा एक शब्द न काढता रोज रात्री एक मेसेज टाकला, "जेवलीस का". बरेच दिवस उत्तर नाही. मग एकदा आलं, "ताई तीन विषय राहिलेत". पुढचं सोपं होतं, सीनियर गाठला, जुने पेपर मिळवले, विषय निघाले. पण ते वाक्य तिने लिहिलं ते नववीपासूनच्या ओळखीमुळे, असं मला तरी वाटतं. कॉलेजने त्याच वर्षी नेमलेल्या मेंटॉर सरांकडे साठेक पोरं असतात, सही घेण्यापुरती भेट.

नोकरीच्या टप्प्यावर कामाचं स्वरूप परत बदलतं. ऑफर लेटरमधला बॉण्ड वाचून दाखवायचा, सीटीसी म्हणजे कंपनी सांगते तो वर्षाचा एकूण आकडा आणि हातात येणारा पगार यातला फरक सांगायचा, नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणारा फ्रॉड ओळखायला शिकवायचं. आयटीआय केलेल्या पोराला अप्रेंटिसशिपची माहिती द्यायची, डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरची. आणि सगळ्यात अवघड, स्पर्धा परीक्षा. पुण्यात पेठेत खोली घेऊन पाच-सहा वर्षं एमपीएससी करणारं पोरगं, वय वाढतंय, घरी लग्नाचं बघतायत, त्याला "आता दुसरं काहीतरी जोडीला धर" हे सांगणार कोण? आईबाप सांगू शकत नाहीत, त्यांनी गावात सांगून ठेवलेलं असतं. क्लासवाला कशाला सांगेल. ते दादाने सांगायचं, आणि ऐकलं नाही तरी फोन चालू ठेवायचा. मुलींच्या बाबतीत डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला स्थळं येतात, तिथे ताईने मुलीच्या वतीने भांडायला जायचं नाही, वडिलांशी आधीपासून ओळख ठेवायची. नववीपासून घरी चहा पिलेला असेल तर "भाऊ, एक वर्ष थांबा की" हे वाक्य चालून जातं.

थोडे नियम सांगते, आम्ही ते सोडत नाही. पोरगं अठराच्या आत आहे तोवर पहिल्या भेटी शाळेत किंवा घरी, पालकांच्या समोर, एकट्याला कुठे घेऊन जायचं नाही, फोनची वेळ पालकांना माहीत पाहिजे. कोणाला हा अविश्वास वाटतो. वाटू दे, मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 पासून उगाच नाही. दिल्ली सरकारने 2021 मध्ये नववी ते बारावीच्या मुलांना फोनवरून मेंटॉर द्यायची मोठी योजना काढली तेव्हा राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने सुरक्षेचेच प्रश्न विचारून ती थांबवायला सांगितलं होतं. पैशाचं म्हणाल तर ताई-दादाने स्वतःच्या खिशातून उसने द्यायचे नाहीत. उसने पैसे आले की पोरगं फोन घ्यायचं टाळतं, आणि फोन तर आपल्याला चालू ठेवायचाय. अडचण असेल तर ग्रुपकडे सांगा, कॉलेजची फी असेल तर आम्ही थेट कॉलेजला भरतो.

आणि हे संपतं कधी, असं मगाशी एका सरांनी विचारलं. आमच्याकडे तरी नीट संपतच नाही. फोन कमी होत जातात, मग लग्नाची पत्रिका येते. पण आमच्या पहिल्या पोरांपैकी काही जण आता दर जूनला दोन दिवस रजा काढून येतात, शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये बसून ऑप्शन फॉर्म भरून देतात. पोर्टल दरवर्षी बदलतं, मला त्यातलं आता निम्मं कळत नाही, त्यांना कळतं. यंदा टेबलं कमी पडली, पुढच्या वर्षी वाचनालयाचा हॉल मिळाला तर बरं होईल, अध्यक्ष इथेच बसलेत म्हणून जाता जाता सांगून ठेवते.