गच्चीवरच्या सळया

ही गच्ची बघा. चारही कोपऱ्यांत खांबांच्या सळया हातभर वर राखून ठेवल्या आहेत. पुढेमागे घर वाढलं की मजला चढवू, या हिशेबानं. महाराष्ट्रात कुठल्याही शहराच्या कडेला गेलात तर अशा गच्च्या ओळीनं दिसतात. आता सळया जवळून बघा. कित्येक पावसाळे उघड्यावर काढल्यामुळे गंजाचे पापुद्रे सुटलेत, बोटानं खरवडले तरी हातात येतात.

यांना नवी सळई जोडून वरचा मजला पेलेल का? मिस्त्री "पेलेल" म्हणतो, मनापासून म्हणतो. पण खालच्या खांबाचा आकार, पायाची खोली, मातीची ताकद या गोष्टी तपासून लेखी सांगायचं काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं. बांधकाम परवानगीच्या अर्जाला त्याचा दाखला लागतो तो यासाठी.

टेबलावर उलगडलेला हा मंजूर नकाशा. घड्यांवर विरलेला, कोपऱ्यात शिक्का आणि सही. घरात पुढे होणारा प्रत्येक बदल या कागदाशी ताडून बघितला जातो. शेजारी वाढीव बांधकामाचा नवा नकाशा आहे. लाल रंगात नवं काम, पिवळ्या रेघांत पाडायचं काम. आणि घराभोवती ही मोकळी पट्टी दिसते ना, ते सामासिक अंतर. उजेड, वारा आणि वेळ आली तर अग्निशमन दलाचा पाइप इथूनच आत येतो. प्रत्यक्ष जागेवर मात्र त्याच पट्टीवर पत्रा टाकून स्वयंपाकघर थाटलेलं दिसतंय.

ही बाल्कनी. काचेच्या सरकत्या खिडक्या लावून बंद केलेली. जुन्या मंजुऱ्यांमध्ये ठरावीक मर्यादेपर्यंत बाल्कनी चटई क्षेत्रात, म्हणजे प्लॉटवर जितकं बांधायला परवानगी असते त्या मापात, धरत नसत. बंद केली की तिची खोली झाली, आणि हिशेब बदलला.

मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर राज्यात 2020 पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे बांधकामाचे सामाईक नियम, लागू आहे. मूळ कायदा 1966चा, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. अर्ज कलम 44 खाली करायचा. 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं कायदा मानतो, पण काम नियमात बसणारं असेल तरच. मग बांधकाम सुरू करण्याचा दाखला, जोत्याची तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर राहायला वापरता येईल असा दाखला. ही शेवटची पायरी लोक हमखास सोडतात. घर विकायला काढलं की पहिली मागणी त्याच कागदाची होते.

रंग, गिलावा, फरशी यांना परवानगी लागत नाही. फक्त घराच्या आत होणारी दुरुस्ती आणि फेरफार परवानगी सक्तीची करणाऱ्या कलम 43 मधून वगळलेले आहेत. सगळा घोळ इथेच होतो. "भिंत आतलीच आहे, काढून टाकू." हा हातोडा बघा. गिलावा पडला, विटा दिसल्या, आणि त्यांच्या मागे काँक्रीट. म्हणजे ही नुसती भिंत नव्हती, कडेला खांब आहे. काम इथेच थांबवायचं आणि इंजिनिअरला बोलवायचं. खांब, तुळई, स्लॅब यांना हात लावला की तो बदल तुमच्या खोलीपुरता राहत नाही, वरच्या प्रत्येक मजल्याचा होतो. फ्लॅट असेल तर सोसायटीला आधी लेखी कळवा. वरचे लोकही तुमच्याच खांबांवर राहतात.

जुलै 2017मध्ये घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून 17 जण गेले. तळमजल्यावर फेरफाराचं काम चालू होतं.

विनापरवाना बांधकामाला कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. वाढीव भाग पालिकेनं पाडला तर पाडण्याचा खर्चही मालकाकडूनच वसूल होतो.