श्टाडलरची पेटी

नमस्कार श्रोतेहो. वरातीत बँडवाल्याच्या हातातलं काळंभोर क्लॅरिनेट तुम्ही पाहिलंच असेल. अडीचशे वर्षांपूर्वी युरोपात ते पिवळसर असायचं, बॉक्सवुड नावाच्या झुडपाच्या लाकडाचं. हे झुडूप फार सावकाश वाढतं, म्हणून लाकूड घट्ट आणि कातायला सुरेख. न्युरेंबर्गच्या योहान डेनरनं १७०० च्या सुमारास हे वाद्य घडवलं असं मानतात. तेव्हा चाव्या, म्हणजे भोकं उघडझाप करणाऱ्या पट्ट्या, दोनच; बाकी भोकं बोटांनी झाकायची. थोर संगीतकार मोत्झार्टच्या काळी पाच झाल्या. दोनाच्या पाच, एवढंच.

नळी कातताना कारागीर मध्येच लाकडाचं कडं राखायचा. त्यात खाच पाडून पितळी चावी खिळ्यावर झुलती बसवायची. खाली स्प्रिंग म्हणून पितळेची पातळ पट्टी, टोकाला चामड्याचा तुकडा. फुंकरीच्या ओलीनं लाकूड फुगायचं. पावसाळ्यातली दारं तुम्हाला ठाऊक आहेतच.

आता माझी आवडती गोष्ट. व्हिएन्नात मोत्झार्टचा मित्र होता अँटोन श्टाडलर. त्याचं क्लॅरिनेट नेहमीपेक्षा चार अर्धस्वर खाली उतरायचं. खाली उतरायचं म्हणजे नळी लांब. नळी लांब म्हणजे बोटं पोचत नाहीत. म्हणून जादा चाव्या. त्याच वाद्यासाठी मोत्झार्टनं १७९१ मध्ये, मरणाच्या दोनेक महिने आधी, कॉन्चेर्टो, म्हणजे एक वाद्य पुढे आणि वाद्यवृंद साथीला अशी रचना, पुरा केला.

१८०० मध्ये मोत्झार्टची बायको कॉन्स्टान्झे प्रकाशकाला लिहिते: मोत्झार्टच्या काही हस्तलिखितांबद्दल श्टाडलरला विचारा. तो म्हणतो, जर्मनीत माझी सामानाची पेटी चोरीला गेली. लोक मात्र सांगतात, ती ७३ डुकाटांना, म्हणजे सोन्याच्या नाण्यांना, गहाण पडली! पेटीत वाद्यंही होती, असं तिला वाटतं. ते लांब क्लॅरिनेट पुन्हा कुणाला दिसलं नाही. कॉन्चेर्टोचं मूळ हस्तलिखितही नाही. १८०१ मध्ये तो छापला, तोही साध्या क्लॅरिनेटला जमावा म्हणून खालचे सूर वर उचलून.

ते वाद्य दिसायचं कसं? दोनशे वर्षं पत्ता नाही. मग १९९२ मध्ये संगीताच्या अभ्यासक पामेला पूलिन यांना लाटव्हियातल्या रिगा शहरात श्टाडलरच्या १७९४ च्या मैफलीची छापील पत्रिका सापडली, आणि तिच्यावर चित्र! नळीच्या तळाला वळण, शेवटी कांद्यासारखा फुगीर भाग. आपल्याकडे नाटक सुटलं की अशा पत्रिका पायदळी पडलेल्या असतात. मला ते बघवत नाही. जपून ठेवा हो!

त्या एका चित्रावरून कारागिरांनी पुन्हा बॉक्सवुड कातलं. आता ऐकू या तोच कॉन्चेर्टो, लांब क्लॅरिनेटवर. खालचे सूर येतील तेव्हा कान द्या.