टाच वर, टाच खाली

(पहाट. फुटाळा तलावाचा काठ. फक्त पावलांचा आवाज.)

नवतपा सुरू आहे, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस. या दिवसांत नागपुरात फिरायचं तर उजाडायच्या आतच घर सोडावं लागतं. सातला डांबर तापतं. काठावरून जाणारे हे पाय बघा. बूट, सँडल, मधेच एक जोडी रबरी चपलांची. पहिले दोन दिवस आम्ही पायच टिपले, चेहरे नंतर.

(बगीचा. कॅमेरा जमिनीलगत.)

हे पाय गुरुजींचे. वय ७२. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. पहिली शंभरेक पावलं झपझप पडतात, मग चाल मोडते. उजवा पाय जड होतो. गुरुजी थांबतात, वाकतात, पोटरी दाबून धरतात.

"दोनशे पावलं झाली का पिंढरी आवळून राहिली जी," ते सांगतात. "थांबलो का दोन मिनिटांत मोकळी. पुन्हा चाललो का पुन्हा तेच. मले वाटे, वय झालं."

वय झालं, हे उत्तर घरोघरी तयारच असतं. पण चाललं की दुखतं, थांबलं की थांबतं, आणि साधारण तेवढ्याच अंतरावर दुखतं, ही खूण वयाची नाही. पायाकडे रक्त नेणारी धमनी आतून अरुंद झाली असेल तर असं होतं. बसल्या जागी पोटरीला तेवढं रक्त पुरतं. चालू लागली की कमी पडतं.

(जवळून: पाऊल, बॉलपेन.)

फिजिओथेरपिस्ट ताई गुरुजींच्या पावलावर, अंगठ्याच्या रेषेत थोडं वर, दोन बोटं ठेवतात. हलवतात. पुन्हा ठेवतात. इथे एक नाडी असते. सापडली की लगेच बॉलपेननं फुली मारायची, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा शोधाशोध. मग फुलीवर जेल, जेलवर डॉपलरची कांडी, म्हणजे रक्ताची धाव ऐकवणारं यंत्र. इथे निवेदन थांबवतो. ऐका.

(डॉपलरचा आवाज. दहा सेकंद.)

या आवाजाच्या मदतीनं घोट्याचा रक्तदाब मोजतात. मग घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर धमनीत अडथळा आहे असं धरतात. गुरुजींच्या उजव्या पायाचं ०.७ आलं. मधुमेह्यांत मात्र हा आकडा फसवतो. धमन्या कडक झाल्या की तो मुळात असावा त्यापेक्षा जास्त येतो, मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

डॉक्टरांनी हृदय तपासलं, गोळ्या दिल्या. आणि सांगितलं, चाला. गुरुजी हसले. ज्यानं दुखतं तेच करायचं?

हो, तेच. चालायचं, पोटरी चांगली दुखू लागेपर्यंत. मग बसायचं, दुखणं पूर्ण जाईपर्यंत. मग उठून पुन्हा. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा, निदान १२ आठवडे. यानं अरुंद झालेली धमनी रुंद होत नाही. पण स्नायू मिळेल त्या रक्तात जास्त काम काढायला शिकतो आणि न थांबता चालायचं अंतर वाढत जातं. गुरुजींची वही बघा. पहिल्या पानावर २०० पावलं. शेवटच्या पानावर ५४०. मधल्या पानांवर चहाचे डाग.

(नागपूरची महाल वस्ती. जुन्या घरातलं स्वयंपाकघर. कुकरची शिट्टी.)

या आजींचं दुखणं उलट्या दिशेचं. रक्त खाली पोचतं, वर चढत नाही. संध्याकाळी घोटे सुजतात, पोटरीवर निळ्या गाठी. उन्हाळ्यात जास्तच, कारण उष्णतेनं शिरा सैलावतात.

आजींनी ओट्याची कड धरली आहे. टाचा उचलतात, जोडवी फरशीला टेकलेलीच. आता पोटरीकडे बघा. गोळा घट्ट झाला, वर सरकला. खाली आल्या, सैल. आत काय चाललंय? या स्नायूंच्या मधून खोल शिरा जातात. स्नायू आवळला की शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. नुसतं उभं राहिलं तर पावलातल्या शिरेत दाब साधारण ८० ते ९० मिमी पारा असतो. चालू लागलं की तो ३०च्या आसपास उतरतो. म्हणून पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. फरक एवढाच, हे हृदय आपण हललो तरच धडधडतं.

मग वर गेलेलं रक्त खाली का येत नाही? हे गुरुजींकडूनच ऐका, कारण त्यांना फळा सापडला की आवरत नाही. आज फळा नाही, स्वतःचा हात आहे. दंडाला रुमाल बांधतात, शिरा फुगतात. एका शिरेवर बोट दाबून ठेवतात, दुसऱ्या बोटानं रक्त दंडाकडे सारतात. शीर रिकामी. वरून रक्त परत येत नाही. पहिलं बोट उचललं की खालून भरते. आत झडपा आहेत, एकाच दिशेला उघडणाऱ्या. इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वेनं १६२८ साली छापलेल्या पुस्तकात असाच रुमाल आणि अशीच बोटं काढलेली आहेत. आम्ही हे तीनदा शूट केलं. गुरुजींनी पाचदा करून दाखवलं.

आजींच्या काही झडपा आता नीट मिटत नाहीत. म्हणून टाचा. दहा-पंधरा वेळा, पोळ्या झाल्या की. तोल जात असेल तर खुर्चीत बसून. तेही नको तर पलंगावर पडून पंजे आपल्याकडे ओढायचे, मग पुढे ढकलायचे.

"बसून राहिलं तर काय होते जी? आणखी सुजते," आजी म्हणतात आणि कणीक झाकून ठेवतात.

(पानठेला. पन्नीवर खर्रा घोटला जातोय.)

हा आवाज नागपूरकरांना ओळखून सांगायला नको. खर्रा म्हणजे सुपारी, चुना आणि तंबाखू, आणि तंबाखूनं धमन्या आकसतात. गुरुजींनी सोडला, आठ महिने झाले. बगिच्याच्या दारातला ठेला मात्र तिथेच आहे.

एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, दुखतोय. किंवा रात्री पडल्या पडल्या पाऊल दुखतं, बोट काळं पडतंय, जखम भरत नाही, तर व्यायाम नाही, मालिश नाही, थेट दवाखाना.

(बगीचा. ट्रॅकची पूर्ण फेरी, एका सलग शॉटमध्ये.)

ही फेरी आम्ही मुद्दाम न कापता ठेवली आहे. मोजा. दारापाशी चार बाक, सेल्फीच्या जागेपाशी दोन. मग झाडं, जाळी, झाडं, जाळी. ट्रॅकला नवे रंगीत ठोकळे लागले, व्यायामाची यंत्रं आली, दिवे आले. ज्याच्या उपचारातच दर काहीशे पावलांवर बसणं लिहिलेलं आहे, त्यानं कुठे बसायचं? दोनदा अर्ज दिला म्हणतात गुरुजी. प्रत त्या वहीतच आहे.

शेवटी दारातल्या चहावाल्यानं एक लाल प्लास्टिकची खुर्ची आणून वळणावर ठेवली. एक पाय तारेनं बांधलेला.

आज तिच्यावर एक पोट्टं बसलंय, मोबाइलमध्ये मान घालून. गुरुजी येतात. थांबतात. त्याला उठवत नाहीत. पोटरी सुटेपर्यंत जाळी धरून नुसते उभे. मग टाचा उचलतात.

(आवाज: "एक... दोन... तीन...")