काळ्या वाळूची लाट

नमस्कार श्रोतेहो.

रत्नागिरीच्या उत्तरेला काळबादेवीचा किनारा आहे. ओहोटी लागली की तिथल्या ओल्या पुळणीवर काळ्या रेघा उमटतात, कुणी काजळाचं बोट ओढत गेल्यासारख्या. लहानपणी आम्ही त्याला मळी समजायचो. ते असतं इल्मेनाइट, लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज. साध्या पांढऱ्या वाळूच्या कणापेक्षा सुमारे पावणेदोन पट जड. लाट सगळ्यांना वर आणते, जाताना हलक्यांना घेऊन जाते आणि जड मागे टाकते. त्या मागे राहिलेल्यांची रेघ होते. ही रेघ रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवात, पकडायचा नाद मला लागला, त्याबद्दल आज बोलणार आहे.

एपॉक्सी रेझिन म्हणजे दोन बाटल्या. एकीत रेझिन, दुसरीत ते घट्ट करणारा हार्डनर. बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात, काट्यावर मोजून एकत्र करायचं आणि सावकाश ढवळायचं. जोरात ढवळलं की हवा शिरते. दोन्ही भेटले की त्यांच्या साखळ्या जुळू लागतात आणि उष्णता बाहेर पडते. हे मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. पहिल्याच खेपेला सगळं मिश्रण एका उंच प्लास्टिकच्या पेल्यात केलं आणि फोन आला म्हणून बाहेर गेलो. परत येऊन पेला उचलला तर हाताला चटका. मग धूर निघायला लागला, रेझिन पिवळं पडून तडकलं. पेला चिमट्यात धरून अंगणात नेऊन टाकला. खोल भांड्यातली उष्णता कोंडते, त्या उष्णतेनं क्रिया आणखी जोर धरते, मग आणखी उष्णता. तेच पसरट ताटात ओतलं असतं तर काही झालं नसतं.

आता लाटेचं सांगतो. व्हिडिओंमध्ये दाखवतात तसं मीही केलं: निळं रेझिन, किनाऱ्याच्या कडेला पांढऱ्या रंगाची धार, आणि वरून हीट गनचा गरम वारा. पांढरा पडदा ताणला जातो, जागोजागी फाटतो आणि फेसाची जाळी तयार होते. जाळी पडते ती बरीचशी वजनामुळे. हा पांढरा रंग टायटॅनियम डायऑक्साइडचा, रेझिनपेक्षा कितीतरी जड. गरम होऊन रेझिन पातळ झालं की पांढरा खाली बसू लागतो आणि निळा त्यातून वर डोकावतो. घाई केली तर सगळा फेस बुडून जातो. उशीर केला तर साईसारख्या सुरकुत्या पडतात. माझ्या खोलीत डिसेंबरात ही वेळ साधारण ४० मिनिटांनी येते, मे महिन्यात २० मिनिटांतच.

आणि गंमत बघा, हा पांढरा रंग ज्यापासून बनवतात त्यातलं एक मुख्य खनिज म्हणजे इल्मेनाइटच. म्हणजे माझ्या ताटातला पांढरा फेस आणि त्याच्या पायाशी पडलेली काळी रेघ, दोन्हींत धातू एकच! दोघेही तळाकडे ओढ घेणारे. हे कळलं तेव्हा मी एकटाच हसलो. तसा खरा फेस म्हणजे नुसते बुडबुडे, आणि रेझिनवाला आयुष्यभर बुडबुड्यांशीच भांडतो.

ते सगळं झालं, पण समोरचं ताट मालदीवचं दिसत होतं. बाजारात मिळणारे बहुतेक ट्रे तसेच असतात, पोपटी-निळे, सुट्टीवर गेल्यासारखे. आमचा समुद्र पावसाळ्यात तसा नसतोच. भाट्याच्या खाडीतून काजळी नदीचं लाल पाणी आत शिरतं तेव्हा तो चहासारखा दिसतो. मग मी रंगाच्या बाटल्या बाजूला ठेवल्या. जांभ्याचा एक तुकडा खलबत्त्यात कुटला, मलमलीतून गाळला आणि ती पूड रेझिनमध्ये मिसळली. वाळू आणली ती मूठभरच. गोड्या पाण्यात चारपाचदा धुतली, उन्हात वाळवली आणि जुन्या कढईत रव्यासारखी भाजून घेतली. ओल राहिली तर रेझिन तिच्याभोवती धुकट होतं. तो खलबत्ता आणि ती कढई आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही, हे घरात आधीच सांगून टाकलंय.

जुलैमध्ये मात्र हात टेकले. हवेतला दमटपणा हार्डनरशी लागतो आणि पृष्ठभागावर मेणचट, पांढुरका थर येतो. आठवडा झाला तरी बोट लावलं की चिकट. तेव्हापासून पावसाळ्यात मी फक्त जांभा कुटतो.

आणखी एक, हे करून बघायचं असेल तर हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. कातडीला एकदा याची ॲलर्जी जडली की ती सुटत नाही, मग छंदही गेला. उरलेलं रेझिन मोरीत ओतू नका. घट्ट होऊ द्या, मग टाका.

गेल्या हिवाळ्यात एक फळी बरी जमली. शेजारच्या काकूंना दाखवली. त्यांचं सगळं आयुष्य मासळीच्या पाट्यांत गेलेलं. त्यांनी ती उलटसुलट फिरवली आणि विचारलं, "पाणी येतंय का जातंय?"

मला सांगता येईना. काळी रेघ होती, फेस होता, पण दिशा नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या ओहोटीला जाऊन उकिडवा बसलो. वाळूत अर्धवट रुतलेली एक शिंपली होती. पाणी परतताना तिला वळसा घालत होतं आणि तिच्या मागे, समुद्राच्या बाजूला, काळ्या कणांचं बारीक शेपूट सोडत होतं. एवढ्याशा शेपटावरून पाणी कुठे गेलं ते कळतं.

आता फळीत शिंपली बसवलीय. शेपटासाठी फळी जरा तिरपी धरतो, काळी वाळू दोन बोटांच्या चिमटीतून सोडतो, आणि रेझिन घट्ट होण्याच्या त्या चारपाच मिनिटांत ती आपली आपण घसरेल अशी वाट बघतो. तीनदा ती गोळा होऊन बसली. चौथी फळी आज रात्री ओततोय.

नमस्कार.