औषधाला दाद न देणारे जंत

(जत इथं मेंढपाळ, शेतकरी आणि विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, जत तालुका म्हणजे माडग्याळी मेंढीचं माहेर. जंताच्या औषधाची बाटली नाही असा मेंढपाळ इथं शोधूनही सापडणार नाही. आणि सगळ्यांची तक्रार एकच: पूर्वी हेच औषध पाजलं की मेंढरं आठ दिवसांत तरतरीत व्हायची, आता दोनदा पाजलं तरी फरक पडत नाही. कुणी म्हणतं औषधात भेसळ आहे, कुणी म्हणतं जंतांना औषधाची सवय झाली. भेसळ कधी असेलही. पण सवयीचा समज मला आज मुळातून खोडायचा आहे, कारण त्याच्यापायी आपण औषध भलत्याच पद्धतीनं वापरतो.

जंताला सवय होत नाही. हजारो जंतांत एखादा जन्मतःच असा निघतो, की ते औषध त्याला बाधत नाही. औषध बाकीच्यांना मारतं आणि याला रान मोकळं करून देतं.

हे कळलं कशावरून? बराचसा पुरावा मिळाला तो आपल्या जंतांच्याच जातकुळीतल्या, पण निरुपद्रवी अशा एका सूत्रकृमीकडून, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक किड्याकडून. सिनोरॅब्डायटिस एलेगन्स हे त्याचं नाव. लांबी जेमतेम 1 मिलिमीटर. कुजणाऱ्या फळांत, पालापाचोळ्यात राहतो, जिवाणू खातो आणि तीन-चार दिवसांत अंड्यापासून प्रौढ होतो. शास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी 1974 साली त्याच्या आनुवंशिकतेवरचा पायाभूत निबंध छापला. त्याच्या शरीरात 302 चेतापेशी आहेत, त्या एकूण एक मोजलेल्या. 1998 मध्ये त्याचा जनुकसंच वाचून झाला. बहुपेशीय प्राण्यांत हा पहिला.

पण यातलं बहुतेक काम इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या एकाच वाणावर झालं. नुसत्या मालदांडीचा अभ्यास करून सगळ्या ज्वारीबद्दल बोलावं, तशातला हा प्रकार. म्हणून पुढे संशोधकांनी हवाईपासून युरोपपर्यंत ठिकठिकाणचे जंगली वाण गोळा केले आणि त्यांच्यावर औषधं टाकून पाहिली. पद्धत साधी आहे: अळ्यांना औषध मिसळलेलं खाद्य द्यायचं आणि त्या किती वाढतात ते मोजायचं. औषध लागू पडलं की अळी खुरटते. काही वाणांच्या अळ्या मात्र काही झालंच नाही अशा वाढत राहतात.

आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचं उदाहरण घ्या. हे औषध ज्या रसायनापासून आलं, ते जपानच्या मातीतला एक सूक्ष्मजीव तयार करतो. सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना त्यासाठी 2015 चं नोबेल मिळालं. हे औषध कृमीच्या चेतापेशींतल्या आणि घशाच्या स्नायूंतल्या क्लोराइडच्या वाटा उघड्या ठेवतं. घसा लुळा पडतो, खाणं थांबतं. आता हवाईचा एक वाण याच कुळातल्या अबामेक्टिनला दाद देत नव्हता. त्याचा ब्रिस्टलच्या वाणाशी संकर करून शोध घेतला, तेव्हा अशा एका वाटेच्या प्रथिनात चार अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या माळेतले चार मणी, गळालेली सापडली. 2012 साली हे प्रसिद्ध झालं. मला यातली खरी महत्त्वाची गोष्ट वाटते ती पुढची: हा बदल एकट्या हवाईत नाही, जगभरच्या अनेक ठिकाणच्या वाणांत आहे. त्या कृमींना कुणी बाटली पाजायला गेलं नव्हतं!

दुसरं औषध अल्बेंडाझोल. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत मुलांना जी गोळी देतात तेच. ते बीटा-ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि पेशीचा सांगाडा उभा राहू देत नाही. 2018 साली 249 जंगली वाण तपासले गेले, तेव्हा या प्रथिनाच्या एकाच जनुकात नाना तऱ्हेचे बिघाड निघाले. कुठं एक अक्षर बदललेलं, कुठं तुकडा गायब, कुठं तुकडा उलटा बसलेला. परिणाम तोच, औषध निकामी. आणि कृमी ठणठणीत, कारण त्याच्याकडे त्या प्रथिनाची दुसरी जनुकं आहेत.

आता आपल्या मेंढीकडे येऊ. तिच्या चौथ्या पोटात हिमोंकस नावाचा जंत असतो. मेलेल्या मेंढीचं पोट उघडलं तर दिसतो: दोन-तीन सेंटिमीटरचा, रक्तानं भरलेलं लाल आतडं आणि त्याभोवती पांढरी अंडाशयं, दोरीसारखी पिळलेली. ही मादी दिवसाला 5 ते 10 हजार अंडी घालते. या जंतात बीटा-ट्युब्युलिनच्या 200 व्या जागी एकच अक्षर बदललं की अल्बेंडाझोलच्या कुळातली औषधं चालत नाहीत. एवढ्या अंड्यांत एका अक्षराची चूक ती काय अवघड? मात्र प्रयोगशाळेतला कृमी सगळीच उत्तरं देत नाही. आयव्हरमेक्टिनच्या बाबतीत हिमोंकसनं वेगळीच वाट धरलेली दिसते. तिथला मुख्य बदल पाचव्या गुणसूत्रावर आहे आणि तो त्या क्लोराइडच्या वाटेच्या जनुकांत नाही.

मग करायचं काय? सगळ्या कळपाला एकाच दिवशी औषध पाजून लगेच स्वच्छ रानात हलवणं हे फार नीटनेटकं वाटतं, पण त्यात धोका आहे. त्या रानात पडतात ती फक्त वाचलेल्या, म्हणजे दाद न देणाऱ्या जंतांची अंडी. त्याऐवजी मेंढीची खालची पापणी उलटून बघा. लालचुटूक असेल तर तिला औषध नको. पांढुरकी पडली असेल, गळ्याखाली पाणी उतरलं असेल, तर पाजा. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांचं कार्डच तयार केलं आहे. रक्त पिणाऱ्या जंतापुरतीच ही परीक्षा चालते, हे ध्यानात ठेवा. निरोगी मेंढ्यांच्या लेंड्यांतून साध्या जंतांची अंडी रानात पडत राहतात आणि दाद न देणाऱ्यांचा जोर लवकर वाढत नाही.

मात्रा अंदाजानं देऊ नका. कळपातल्या सगळ्यात वजनदार मेंढीचा काटा करा आणि तेवढी मात्रा धरा. कमी पडलेलं औषध अर्धवट बळकट जंतांनाही जगवतं. शेळीला मेंढीएवढीच मात्रा देण्याची चूक सर्रास होते. शेळीचं शरीर औषध लवकर बाहेर टाकतं, तिची मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

औषध पाजायच्या दिवशी आणि नंतर 10 ते 14 दिवसांनी त्याच मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या दवाखान्यात तपासायला द्या, अंडी किती घटली ते कळेल. बाजारातून मेंढा आणलात तर ही तपासणी होईपर्यंत त्याला कळपात सोडू नका. त्याच्या पोटात कुठल्या गावचे जंत आहेत आणि त्यांनी कुठली औषधं पचवली आहेत, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.