काही केल्या मन राहात नाही : नामदेवांच्या समाधी-अभंगांतला शोक

मंडळी, ज्ञानेश्वरांच्या समाधीवर रडायचं कारण काय? वारकरी विचाराने पाहिलं तर काहीच नाही. ती संजीवन समाधी, म्हणजे जिवंतपणीच स्वेच्छेने घेतलेली समाधी आहे, तिथे मृत्यू नाहीच. समाधी घेणारा ज्ञानी, भोवती उभे असलेले ज्ञानी आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे प्रत्यक्ष पांडुरंग तिथे हजर. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६. कार्तिक वद्य त्रयोदशी, आळंदी. हा सोहळा आहे, शोकाचा प्रसंग नव्हे, असं तत्त्वज्ञान सांगतं.

आणि तरीही नामदेवांच्या गाथेतलं 'समाधी' हे प्रकरण उघडलं की पानोपानी आकांत आहे. मराठीतली पहिली मोठी विलापिका कोणती असं विचारलं तर मी याच प्रकरणाकडे बोट दाखवेन. यातले सगळे अभंग एकाच नामदेवांचे की त्यांत नंतरची भर पडली, यावर अभ्यासकांत वाद आहे. आज मी तो बाजूला ठेवतो, कारण मला दोनच अभंग जवळून पाहायचे आहेत. त्यांत तत्त्वज्ञान रडू नका म्हणतं, आणि प्रतिमा काही त्याचं ऐकत नाहीत.

पहिला अभंग असा सुरू होतो :

देव निवृत्ति यांनी धरिले दोन्ही कर ।
जातो ज्ञानेश्वर समाधीसी ॥

एक हात देवाने धरलाय, दुसरा थोरल्या भावाने. ज्याच्या हिशेबी काहीच हरवत नाही तो एका बाजूला आणि ज्याचं सगळंच चाललंय तो दुसऱ्या बाजूला. पुढचा सगळा ताण नामदेवांनी या एका चित्रात उभा केलाय, आणि तोही एकही दुःखवाचक शब्द न वापरता. मग लगेच :

नदीचिया माशा घातले माजवण ।
तैसे जनवन कालवले ॥

माजवण म्हणजे मासे गुंगवण्यासाठी पाण्यात टाकायचं विष. काही झाडांची फळं, साली ठेचून डोहात टाकतात. थोड्या वेळाने मासे पाण्यातल्या पाण्यातच भेलकांडायला लागतात, पोटं वर करून तरंगतात. 'लोक शोकाकुल झाले' यात आणि या ओळीत किती अंतर आहे बघा. मासा पाण्याबाहेर पडून तडफडतो ही प्रतिमा आपल्या सवयीची, कुणालाही सुचली असती. इथे मासा पाण्यातच आहे. नदी तीच आहे, फक्त आता त्याच पाण्यात जगवत नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. घर तेच असतं, भांडीकुंडी जागच्या जागी असतात आणि त्याच हवेत श्वास घेता येत नाही.

पुढच्या ओवीत 'तैसेचि गगन कालवले'. तेच क्रियापद, तीच चार अक्षरं. आधी माणसं गढुळली, मग आभाळ. कवीला दुसरा शब्द सुचला नसेल असं मला मुळीच वाटत नाही. शोकात शब्द वाढत नाहीत, तोच पुन्हा तोंडात येतो.

शेवट सगळ्यांच्या कानावरून गेलेला आहे :

नामा म्हणे आता लोपला दिनकर ।
बाप ज्ञानेश्वर समाधिस्थ ॥

'कर' आणि 'ज्ञानेश्वर' या यमकाने अभंग सुरू झाला होता, 'दिनकर' आणि 'ज्ञानेश्वर' या यमकावर तो थांबतो. सुरुवातीला 'जातो… समाधीसी', शेवटी 'समाधिस्थ'. चाल संपली, मुक्काम आला. धरलेल्या हातांचा मात्र शेवटी उल्लेखही नाही. ज्याने पसायदानात संतांना 'मार्तंड जे तापहीन' म्हटलं, त्यालाच नामदेव दिनकर म्हणतात, आणि तो लोपल्याचं सांगतात.

दुसरा अभंग निवृत्तिनाथांचा आहे, म्हणजे बोल त्यांचे आणि रचना नामदेवांची. निवृत्तिनाथ नुसते भाऊ नाहीत, ते ज्ञानेश्वरांचे गुरू. त्या सगळ्यांत ज्याने रडू नये असा एकच माणूस निवडायचा तर तो हाच. आणि नामदेव सगळ्यात मोठा शोक त्यांच्याच तोंडी घालतात :

निवृत्तिदेव म्हणे करिता समाधान ।
काही केल्या मन राहात नाही ॥
बांधल्या तळ्याचा फुटलासे पाट ।
ओघ बारा वाट मुरडताती ॥
बांधल्या पेंढीचा सुटलासे आळा ।
तृण रानोमाळा पांगतसे ॥
हरिणीविण खोपी पडियेली वोस ।
दशदिशा पाडस भ्रमताती ॥

तळं, पेंढी, खोपी. यांतली एकही वस्तू नष्ट झालेली नाही. पाणी आहे, गवत आहे, पाडसंही आहेत. गेलं ते त्यांना एकत्र धरून ठेवणारं. पेंढीचा आळा जरा नीट पाहा. तो बाहेरून आणलेला दोर नसतो. त्याच गवताच्या काड्यांना पीळ देऊन पेंढी बांधतात. ज्ञानदेव या भावंडांतलेच एक होते, आणि त्यांचा बंधही तेच होते. कवीने हे उलगडून सांगितलेलं नाही, कारण ऐकणाऱ्या शेतकऱ्याने हातांनी पेंढ्या बांधलेल्या होत्या.

तिसरी प्रतिमा तर नातंच उलटं करते. थोरला भाऊ, गुरू, आणि तो स्वतःला पाडसांत मोजतो. हरिणी कोण, तर परंपरेच्या हिशेबाने एकविशीतला धाकटा भाऊ. मला हा अभंगातला सगळ्यात धीट क्षण वाटतो. दुःखाने मोठेपणाची उतरंड मोडते, हे नामदेव हरणाच्या एका चित्रात सांगून जातात.

आणि मग एकाएकी प्रतिमा थांबतात.

मायबापे आम्हा त्यागियेले जेव्हा ।
ऐसे संकट तेव्हा जाले नाही ॥

इथे उपमा नाही, 'तैसे' नाही. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं आणि ही चार पोरं उघड्यावर पडली. त्याहून हे मोठं आहे, एवढंच साधं विधान. तीन चित्रांनंतर ते आल्यामुळे अंगावर येतं. सुरुवातीलाच आलं असतं तर नुसती माहिती वाटली असती.

आता छंदाचं. 'मोठा अभंग' नावाच्या छंदप्रकारात साधारण सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक आणि चौथा चरण आखूड. पाट-वाट, आळा-रानोमाळा. यमकाने कान बांधला जातो आणि लगेच 'पांगतसे' या चार अक्षरांत ओळ खाली येते. बांधणं आणि सुटणं हे प्रतिमेत आहे तसंच ते छंदातही घडतंय. हाच छंद आनंदाच्या अभंगांना चालतो, त्यामुळे आखूड चरणाला शोक चिकटलेला असतो असं मी म्हणणार नाही. या अभंगात तो कामाला लावलाय, एवढंच. पहिली ओवी धृपद म्हणून धरली तर प्रत्येक चित्रानंतर 'काही केल्या मन राहात नाही' परत येतं. शतकांनंतर गोविंदाग्रजांनी, म्हणजे राम गणेश गडकऱ्यांनी, 'राजहंस माझा निजला' हे पालुपद असंच फिरवलं, पण तिथे आई मृत्यू नाकारते आहे. निवृत्तिनाथ काहीच नाकारत नाहीत. त्यांना सगळं कळतंय, आणि कळण्याचा उपयोग होत नाही.

शेवटच्या ओवीत नामदेव देवाला विनवतात :

नामा म्हणे देवा पेटला हुताशन ।
करा समाधान निवृत्तीचे ॥

फुटलेल्या पाण्यापासून निघालेला अभंग आगीपाशी आला. पहिल्या ओळीत समाधान करून पाहिलं, मन राहिलं नाही. शेवटच्या ओळीत तेच समाधान देवाकडे मागितलंय. तो देव जवळच उभा आहे, पहिल्या अभंगात त्याने एक हात धरला होता. तरी या अभंगात त्याचं उत्तर नाही. नामदेवांनी त्याच्या तोंडी दिलाशाचा एखादा शब्द सहज घातला असता. त्यांनी विनवणीवरच अभंग संपवलाय.