पोटखराब्यातलं कुरण

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या बऱ्याच जणांच्या सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून एखादा तुकडा लागलेला असतो. मुरमाड जमीन, बांधाला घाणेरी माजलेली, मधे गाजरगवत. नांगर चालत नाही म्हणून तिकडं कुणी फिरकत नाही, आणि दारच्या जनावरांना मात्र चारा विकत घ्यावा लागतो. आमचा असा सव्वा एकर माण तालुक्यात आहे. पाऊस वर्षाकाठी जेमतेम 500 मिलिमीटर, तोही लहरी. आज तिथं गवत मांडीला लागतं.

पहिल्या वर्षी मी घाई केली. वळीव पडला तसं अंजन गवताचं बी आणून हातानं फोकून दिलं. हे बी केसाळ आणि फार हलकं. अर्धं वाऱ्यानं बांधाला जाऊन साठलं, उरलेलं मुंग्यांनी वाहून नेलं. शिवाय ते त्याच हंगामातलं ताजं बी होतं. गवताचं ताजं बी झोपेत असतं. सहा महिने ते वर्षभर ठेवलेलं चांगलं उगवतं. जुलैत माझ्या रानात उगवला तो टाकळा.

दुसऱ्या वर्षी पेरायच्या आधी मी रान नीट पाहिलं. तुम्हीही पाहा, अगदी गुडघ्यावर बसून. घाणेरीच्या काटेरी आडोशाला, जिथं शेळीचं तोंड पोचत नाही, तिथं मला मारवेल गवत सापडलं. त्याची खूण सोपी आहे. काडी हातात धरा, पेरावर पांढऱ्या केसांचं बारीक कडं दिसतं. म्हणजे आपल्याच रानात मूळ धरून होतं ते, मी बाजार धुंडाळत होतो! पावसाची झड लागल्यावर त्याचे ठोंब फोडले आणि दीड फुटाच्या ओळीत फूट-फूट अंतरावर लावले. बियाण्याला पैसा लागला नाही. तुमच्या माळावर पवना गवत असेल, शेडा असेल, डोंगरी असेल. जे टिकून आहे ते आधी जपा.

मधल्या मोकळ्या जागेत अंजन पेरलं, पण बी चिकणमाती आणि शेणात कालवून, हरभऱ्याएवढ्या गोळ्या सावलीत वाळवून. एकरी अडीच-तीन किलो बी पुरतं. कुळवानं जमीन नुसती ओरखडायची. बी सेंटिमीटरभराच्या खाली गेलं तर वर येत नाही. जोडीला स्टायलो या चारापिकाचं बी टाकलं. ते द्विदल, जमिनीला नत्र देतं. त्याचं कवच टणक, म्हणून 80 अंश गरम पाण्यात चार मिनिटं बुडवून मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं.

गाजरगवत फुलावर यायच्या आत, ओल असताना मुळासकट उपटा, आणि हातमोजे घालूनच. अंगाला खाज सुटते. घाणेरी नुसती छाटली तर दुप्पट फुटते, तिचा गड्डा खणूनच काढावा लागतो. जनावरानं ती खाल्ली तर कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते.

पण खरं कुरण उभं राहतं ते चराईबंदीनं. हिवरे बाजारनं अख्ख्या गावाच्या डोंगरावर ती पाळली. सव्वा एकरावरही ती सोपी नाही. दरवर्षी येणाऱ्या मेंढपाळाला मी कुंपणाबाहेर थांबवलं तेव्हा माझाच जीव तुटला. तो काही बोलला नाही, कोवळ्या फुटव्यांकडं बघत राहिला. पण लागवडीच्या पहिल्या वर्षी जनावराचं तोंड लागलं की कोवळा ठोंब मुळासकट उपटून येतो, म्हणून मन घट्ट केलं.

पहिलं गवत बी झडल्यावर, दिवाळीच्या सुमाराला कापलं. त्याच्या पुढच्या वर्षापासून निम्मं फुलावर आलं की कापतो, कारण कस तेव्हाच असतो. वाळून पिवळं पडलं की उरतो नुसता काडीकचरा. जमिनीपासून चार-पाच बोटं ठेवून विळा चालवायचा. कुसळी गवत असेल तर कुसळं धरायच्या आधीच, नाहीतर ती मेंढरांच्या लोकरीतून थेट कातड्यात घुसतात. उन्हाळ्याआधी कडेनं दहा फुटांचा पट्टा खरवडून ठेवतो, वणव्याच्या भीतीनं.

तिसऱ्या वर्षी कापणी आटोपल्यावर त्याच मेंढपाळाला निरोप धाडला. दोन रात्री त्याची मेंढरं आमच्या रानात बसली. बुडखे खाल्ले, लेंडीखत पडलं, आणि जाताना त्यानं चार पेंढ्या खांद्यावर घेतल्या.